समुद्रतळाचा जळता बर्फ : मिथेन हायड्रेट आणि पृथ्वीचे कार्बनचक्र



गोबरगॅसची निळी ज्योत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. शेणाचा काला बंद टाकीत ठेवला आणि आत हवा जाऊ दिली नाही, की काही दिवसांत त्यातून जळणारा वायू निघू लागतो. या वायूचा मुख्य घटक म्हणजे मिथेन. भातखाचराच्या चिखलात, गाई-म्हशींच्या पोटात, शहराच्या कचऱ्याच्या ढिगात आणि गटाराच्या बंद नळात हाच वायू तयार होतो. खोल समुद्राच्या तळाखालील गाळातही तो तयार होतो. मात्र तेथील थंडी आणि पाण्याचा प्रचंड दाब यांमुळे तो पाण्यासह गोठतो व बर्फासारखा पांढरा घन पदार्थ बनतो. या पदार्थास मिथेन हायड्रेट म्हणतात. त्याचा तुकडा वर आणून काडी लावली तर तो पेट घेतो आणि खाली पाणी ठिबकू लागते. म्हणून त्याला 'जळता बर्फ' असेही नाव पडले आहे.

या पदार्थाविषयी दोन टोकाच्या गोष्टी ऐकू येतात. कोणी म्हणतात, हा समुद्रतळाशी पुरलेला बाँब असून पृथ्वी थोडी तापली की तो फुटेल आणि मग माणसाच्या हाती काही उरणार नाही. कोणी म्हणतात, हा अक्षय खजिना असून तो काढला की इंधनाची चिंता कायमची मिटेल. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी जो उपदेश केला त्याचे सार असे, की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा मोठ्याने सांगितले आहे म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः तपासून पाहा. प्रस्तुत लेखात हीच कसोटी मिथेन हायड्रेटला लावून पाहावयाची आहे.

१. कार्बनचक्र म्हणजे काय?

आपले शरीर, झाडे, लाकूड, कोळसा, चुनखडी, संगमरवर या सर्वांत कार्बन हे मूलद्रव्य आहे. ते एका जागी स्थिर राहत नाही. झाडे हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात व त्यापासून पाने, खोड, धान्य तयार करतात. प्राणी ते खातात आणि श्वासावाटे कार्बन पुन्हा हवेत सोडतात. समुद्राचे पाणी हवेतून कार्बन शोषते व परतही देते. समुद्रातील जीव मरून तळाशी जातात, त्यांचा काही अंश गाळात पुरला जातो आणि लक्षावधी वर्षांनी त्याचा खडक बनतो. ज्वालामुखी त्यातील काही कार्बन पुन्हा वर फेकतात. या फेऱ्याला कार्बनचक्र म्हणतात.

पतपेढीचे व्यवहार आपल्या सभासदांना परिचित आहेत. त्या भाषेत सांगायचे तर हवेतील कार्बन हे चालू खाते होय. त्यात रोज भरणा होतो आणि रोज उचल होते. आज या खात्यात सुमारे ८८० अब्ज टन कार्बन आहे. जमिनीवरील झाडाझुडपांत सुमारे ४५० अब्ज टन, मातीत त्याच्या कित्येक पट आणि समुद्राच्या पाण्यात विरघळलेला सुमारे ३८,००० अब्ज टन कार्बन आहे. कोळसा, खनिज तेल आणि चुनखडी या दीर्घ मुदतीच्या ठेवी होत. मिथेन हायड्रेट हीसुद्धा एक मुदत ठेव आहे. ही ठेव किती मोठी आहे, ती कोणत्या अटींवर ठेवलेली आहे आणि ती मुदतीपूर्वी मोडली जाईल काय, हे तीन प्रश्न आपल्यापुढे आहेत.

२. शोधाचा थोडक्यात इतिहास

इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराच्या चिखलातून निघणारे बुडबुडे गोळा करून हा वायू जळतो हे दाखविले. पाणी व वायू एकत्र गोठून घन पदार्थ बनतो ही गोष्ट इंग्लंडमधील हम्फ्री डेव्ही यांनी १८१० च्या सुमारास क्लोरीन वायूच्या बाबतीत पाहिली. मिथेनचे हायड्रेट फ्रान्समधील व्हिलार यांनी १८८८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले. त्यानंतर बराच काळ हा विषय केवळ प्रयोगशाळेचा राहिला.

१९३४ मध्ये अमेरिकेतील हॅमरश्मिट यांनी दाखवून दिले, की थंडीत नैसर्गिक वायूच्या नळांमध्ये जे बोळे अडकतात ते साध्या बर्फाचे नसून हायड्रेटचे असतात. नैसर्गिक हायड्रेटचे साठे भूगर्भात असतात ही जाणीव १९६० च्या दशकात सायबेरियातील वायूक्षेत्रांच्या अभ्यासातून झाली. पुढे समुद्रतळाच्या छिद्रणातून असे साठे अनेक खंडांच्या किनाऱ्यांलगत आढळले. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीचा मोठा अपघात झाला, तेव्हा गळती झाकण्यासाठी सुमारे १,५०० मीटर खोल सोडलेला लोखंडी घुमट याच हायड्रेटच्या बर्फाने तुंबला आणि तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. थंडी, दाब, पाणी आणि वायू एकत्र आले की हा पदार्थ किती झटपट बनतो याचे हे जगाने पाहिलेले उदाहरण होय.

३. रचना आणि अस्तित्वाच्या अटी

मिथेनच्या रेणूत कार्बनचा एक व हायड्रोजनचे चार अणू असतात. हायड्रेटमध्ये पाण्याचे रेणू एकमेकांना धरून पिंजऱ्यासारखी रचना करतात आणि प्रत्येक पिंजऱ्यात मिथेनचा एक रेणू अडकून बसतो. मिथेनच्या एका रेणूमागे पाण्याचे साधारण सहा रेणू असतात. दोघांमध्ये रासायनिक बंध नसतो. पिंजरा रिकामा असेल तर टिकत नाही आणि पिंजरा मोडला तर मिथेन निसटतो. दोघे एकमेकांच्या आधाराने उभे असतात. एक घनमीटर हायड्रेट वितळला तर त्यातून सुमारे १६४ घनमीटर वायू आणि ०.८ घनमीटर पाणी निघते. एवढा वायू एवढ्याशा जागेत कोंबलेला असल्यामुळेच त्याविषयी भीती आणि लोभ दोन्ही निर्माण होतात.

हायड्रेट टिकण्यास चार गोष्टी लागतात: पुरेसा मिथेन, पाणी, थंडी आणि दाब. शून्य अंश सेल्सिअसला वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २६ पट दाब लागतो. तापमान वाढले की लागणारा दाबही वाढतो. समुद्रात दर दहा मीटर खोलीला एक वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून थंड प्रदेशातील समुद्रात साधारण ३०० ते ५०० मीटरपेक्षा अधिक खोलीवर आणि उष्ण प्रदेशात त्याहून खोलवर हायड्रेट टिकू शकतो. ध्रुवाजवळच्या कायम गोठलेल्या जमिनीखालीही तो सापडतो.

मात्र तळाखाली कितीही खोल गेले तरी हायड्रेट मिळेल असे नाही. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते. त्यामुळे गाळात काहीशे मीटर खाली गेल्यावर दाब भरपूर असूनही उष्णतेमुळे हायड्रेट टिकत नाही. तेथे मिथेन वायुरूपातच राहतो. म्हणजे हायड्रेटचा थर वरून व खालून अशा दोन्ही बाजूंनी मर्यादित असतो.

प्रतीत्यसमुत्पादाचा अभ्यास करणाऱ्यांना यातील तत्त्व ओळखीचे वाटेल. कोणतीही वस्तू स्वयंभू नाही. ती कारणांच्या आधाराने उत्पन्न होते आणि कारणे बदलली की तीही बदलते. हायड्रेट तापमानवाढीने वितळेल काय, हा प्रश्न म्हणूनच मोघमपणे विचारून चालत नाही. कोणत्या ठिकाणचा हायड्रेट, किती खोलीवरचा आणि त्याची कोणती अट किती काळात बदलणार, असे विचारावे लागते.

४. गाळातील जमा-खर्च

हायड्रेटमधील बहुतेक मिथेन सूक्ष्मजीवांनी तयार केलेला असतो. समुद्राच्या वरच्या भागात सूर्यप्रकाशावर वाढणारे सूक्ष्म जीव आणि नद्यांनी आणलेला पालापाचोळा यांचा काही भाग तळाशी पोहोचतो. बहुतेक सेंद्रिय द्रव्य वाटेतच किंवा तळावर खाल्ले जाते. गाळात कायमचा पुरला जातो तो अगदी अल्प अंश. गाळाच्या वरच्या थरातील प्राणवायू लवकर संपतो. त्याखाली समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरून जगणारे जिवाणू काम करतात. सल्फेटही संपले, की आर्किया नावाचे, जिवाणूंपासून वेगळ्या कुळातील सूक्ष्मजीव उरलेल्या द्रव्यापासून मिथेन बनवितात. गोबरगॅसच्या टाकीत मिथेन बनविणारे सूक्ष्मजीव याच कुळातील आहेत.

आता खर्चाची बाजू पाहू. खालून वर सरकणारा मिथेन आणि वरून खाली उतरणारे सल्फेट यांची गाळात एका पट्ट्यात गाठ पडते. तेथे मिथेन खाणारे आर्किया आणि सल्फेट वापरणारे जिवाणू एकमेकांना बिलगून राहतात. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यासमोरील 'हायड्रेट रिज' या जागेवर जर्मन संशोधकांनी असे समूह सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले आणि २००० साली प्रसिद्ध केले. यांपैकी एकट्याला हे काम परवडत नाही. दोघांच्या सहजीवनातच ते शक्य होते. गाळातून वर येणाऱ्या मिथेनपैकी बहुतांश मिथेन हे जीव प्राणवायूवाचून संपवितात. त्यातून निघणाऱ्या कार्बनचा काही भाग पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावतो व तळावर चुनखडीचे कठीण थर बनतात. म्हणजे जो कार्बन वायुरूपाने निसटणार होता तोच दगड होऊन आणखी लांब मुदतीच्या ठेवीत जमा होतो.

यातूनही जो मिथेन समुद्राच्या पाण्यात येतो त्यातील बराचसा पाण्यात विरघळतो आणि तेथील जिवाणू प्राणवायूच्या साहाय्याने त्याचा कार्बन डायऑक्साइड करतात. काही शे मीटर खोलीवरून निघालेला बुडबुडा पृष्ठभागी पोहोचेपर्यंत त्यातील मिथेन बहुतेक निघून गेलेला असतो. मात्र याचीही किंमत आहे. पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि पाण्याची आम्लता वाढते.

अशा झिरपण्याच्या जागांवर सूर्यप्रकाशावाचून चालणारी जीवसृष्टी असते. तेथील शिंपले व नळीसारखे कृमी आपल्या शरीरातील जिवाणूंच्या आधारे मिथेन व गंधकयुक्त वायूवर जगतात. १९९७ साली मेक्सिकोच्या आखातात हायड्रेटच्या ढेपेवरच राहणारे गुलाबी कृमी आढळले.

५. ठेव किती मोठी?

१९८० च्या दशकाच्या अखेरीस हायड्रेटमध्ये सुमारे १०,००० अब्ज टन कार्बन असावा असा अंदाज प्रचलित होता. कोळसा, तेल व नैसर्गिक वायू यांच्या एकत्रित साठ्याच्या दुप्पट हायड्रेट आहे, हे वाक्य त्याच अंदाजावर उभे होते आणि ते पुढे अनेक पुस्तकांतून उतरवले गेले. नंतर प्रत्यक्ष छिद्रणे वाढली तेव्हा असे दिसून आले, की पुष्कळ ठिकाणी गाळाच्या कणांमधील जागेचा अगदी थोडा भागच हायड्रेटने भरलेला असतो. त्यामुळे अंदाज खाली आले. आज साधारण १,००० ते २,००० अब्ज टनांच्या दरम्यानचे आकडे अधिक मानले जातात. ही रक्कमही लहान नाही. हवेतील एकूण कार्बनपेक्षा ती जास्त आहे.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. छापलेला आकडा मोठा व आकर्षक असला म्हणून तो कायमचा खरा ठरत नाही. मोजमाप सुधारले की आकडा सुधारणे, यातच विज्ञानाची प्रतिष्ठा आहे.

६. भूतकाळाची साक्ष

सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीचे सरासरी तापमान पाच अंश किंवा त्याहून अधिक वाढले. समुद्राचे पाणी अधिक आम्लधर्मी झाले, तळावरील अनेक सूक्ष्म जीवजाती नष्ट झाल्या आणि परिस्थिती पूर्ववत होण्यास एक लाख वर्षांहून अधिक काळ लागला. या घटनेचा पुरावा अंटार्क्टिकाजवळील समुद्रतळाच्या गाळातून १९९१ मध्ये पुढे आला. त्या काळातील शिंपल्यांच्या कवचांत हलक्या कार्बनचे प्रमाण एकाएकी वाढलेले दिसते. सजीव हलका कार्बन अधिक पसंत करतात आणि सूक्ष्मजीवांनी बनविलेल्या मिथेनमध्ये तर त्याचे प्रमाण फारच जास्त असते. म्हणून १९९५ मध्ये असे मत मांडले गेले, की तेव्हा समुद्रतळाचे हायड्रेट वितळून मिथेन बाहेर पडला असावा. दुसऱ्या मताप्रमाणे उत्तर अटलांटिकमधील ज्वालामुखींनी मुख्य काम केले आणि हायड्रेटने फार तर भर घातली. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

मात्र वेगाविषयी एक गोष्ट बऱ्यापैकी स्पष्ट आहे. त्या घटनेत कार्बन हवेत व समुद्रात मिसळण्याचा वेग वर्षाला साधारण एक अब्ज टन किंवा त्याहून कमी होता, असे गाळाच्या नोंदींवरून अनुमान निघते. आज माणूस कोळसा, तेल व वायू जाळून वर्षाला सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत सोडतो. निसर्गाने हजारो वर्षांत जे केले त्याच्या अनेक पट वेगाने आपण ते करीत आहोत.

दुसरी साक्ष ध्रुवीय बर्फाची आहे. बर्फात अडकलेल्या प्राचीन हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या हिमयुगाच्या अखेरीस मिथेन झपाट्याने वाढल्याचे समजते. तो हायड्रेटमधून आला असे २००३ च्या सुमारास जोरकसपणे मांडले गेले. हे तपासण्याचा मार्ग होता. हायड्रेटमधील कार्बन फार जुना असल्याने त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ जवळजवळ नसतो. दलदलीतील ताज्या मिथेनमध्ये तो असतो. ग्रीनलंडचा आणि अंटार्क्टिकातील टेलर हिमनदीचा बर्फ मोठ्या प्रमाणावर वितळवून त्यातील मिथेन तपासण्यात आला. २०१७ व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जुन्या कार्बनचा वाटा अल्प होता आणि वाढ मुख्यतः दलदलींमुळे झाली होती. एक आकर्षक कल्पना पुराव्यापुढे मागे हटली.

७. आज काय घडत आहे?

२००८ मध्ये नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार्ड बेटांजवळ सुमारे ४०० मीटर खोलीवरून मिथेनच्या बुडबुड्यांचे अडीचशेहून अधिक स्तंभ उठताना आढळले. हायड्रेट टिकण्याच्या सीमारेषेवरच ही जागा असल्याने तापमानवाढीचा हा परिणाम असावा असे वाटले. पुढे तेथील चुनखडीच्या थरांचे वय काढले असता ही झिरपण हजारो वर्षे चालू असल्याचे दिसले. हिमयुगातील बर्फाचे ओझे उतरल्यावर जमीन हळूहळू वर उचलली गेली, पाण्याचा दाब कमी झाला आणि हायड्रेट वितळला, असा अर्थ २०१८ मध्ये मांडला गेला. म्हणजे तेथे बदललेली मुख्य अट उष्णतेची नसून दाबाची होती. सायबेरियाच्या उथळ समुद्रातूनही मिथेन निघतो. मात्र तो हायड्रेटमधून किती आणि इतर जुन्या गाळातून किती, यावर संशोधकांत मतभेद आहेत.

जगातील बहुतांश हायड्रेट खोल समुद्रात, तळाखाली दहा-वीस नव्हे तर शेकडो मीटर गाळात आहे. पृष्ठभागावरची उष्णता तेथवर झिरपण्यास शतके ते सहस्रके लागतात. शिवाय हायड्रेट वितळताना स्वतः उष्णता शोषतो, त्यामुळे वितळण्याचा वेग आणखी मंदावतो. हे सर्व तपासून २०२१ च्या आंतरराष्ट्रीय हवामान अहवालात असे म्हटले आहे, की या शतकात हायड्रेटमधील वायूमुळे हवामानाची दिशा लक्षणीय बदलण्याची शक्यता फारच कमी आहे.

याचा अर्थ निर्धास्त राहावे असा नाही. समुद्र आज जी उष्णता साठवीत आहे ती पुढील अनेक शतके खाली उतरत राहील. मुदत ठेव आज मोडत नाही, परंतु तिच्यावर आपण टाकलेला भार पुढच्या शेकडो पिढ्यांना वाहावा लागेल. कर्म आज केले तरी फळ पुष्कळ काळानंतर येऊ शकते, हे आपल्याला नवीन नाही.

८. गोदावरीचा गाळ आणि भारतातील साठे

हा विषय महाराष्ट्रापासून दूरचा वाटत असला तरी तसा नाही. २००६ मध्ये राष्ट्रीय वायू हायड्रेट कार्यक्रमाच्या पहिल्या मोहिमेत एक छिद्रण जहाज २८ एप्रिल रोजी मुंबईहून निघाले आणि १९ ऑगस्ट रोजी चेन्नईला पोहोचले. एकवीस जागी छिद्रे घेण्यात आली. केरळ-कोकण किनाऱ्यासमोरच्या छिद्रात हायड्रेट मिळाला नाही. परंतु बंगालच्या उपसागरात कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोर एका जागी भेगाळलेल्या चिकणमातीत सुमारे १३० मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त थर आढळला. अंदमानजवळ ज्वालामुखीच्या राखेच्या थरांत व महानदीच्या मुखासमोरही हायड्रेटचा पुरावा मिळाला. २०१५ मध्ये दुसरी मोहीम झाली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकही या खोऱ्यातील गाळाचा आणि मिथेन झिरपणाऱ्या जागांचा अभ्यास करीत आले आहेत.

गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते आणि कृष्णा महाबळेश्वरी. नाशिक, पैठण, नांदेडची काळी माती, सांगली-सातारच्या शिवारातील काडीकचरा पावसाळ्यात वाहत जाऊन अखेर बंगालच्या उपसागराच्या तळाशी बसतो. त्या गाळातील सेंद्रिय द्रव्यावरच सूक्ष्मजीवांचा उद्योग चालतो. २००६ च्या मोहिमेत गोदावरीच्या मुखासमोर काढलेल्या गाळाच्या एका गाभ्यात हजारो वर्षांच्या पानांवरील मेणाचे अंश जपलेले होते. त्यावरून मध्य भारतातील पाऊस गेल्या सुमारे चार हजार वर्षांत कमी होत गेल्याचे कळले. पुढे असेही मांडले गेले, की पाऊस कमी होणे आणि शेतीचा विस्तार यांबरोबर दख्खनच्या पठारावरील माती अधिक प्रमाणात वाहून येऊ लागली. इंधन शोधायला गेलेल्या जहाजाने आपल्या मातीचा इतिहास वर काढला, तो असा.

महानदीचे नाव निघाले म्हणून एक स्मरण येथे उचित होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे मंत्री असताना ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयीची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. नदीचे पाणी ही शास्त्रीय नियोजनाने सर्व जनतेच्या उपयोगी आणण्याची संपत्ती आहे, ही त्यांची दृष्टी होती. समुद्रतळाच्या संपत्तीकडेही त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे: लाभ कोणास, धोका कोणास?

जपानने २०१३ व २०१७ मध्ये आणि चीनने २०१७ व २०२० मध्ये समुद्रातील हायड्रेटमधून काही दिवस वायू काढून दाखविला. वाळू नळात शिरणे, पाण्याचे प्रमाण आणि खर्च या अडचणींमुळे हे प्रयोग चाचणीच्या पातळीवर राहिले. आणि तो वायू काढला तरी जाळल्यावर कार्बन डायऑक्साइडच निर्माण होणार. कोळशापेक्षा तो कमी निघतो हे खरे. परंतु मुदत ठेव मोडून चालू खात्यात टाकणे हेच त्याचे कार्बनचक्रातील स्वरूप राहील. अक्षय खजिना ही कल्पनाही कसोटीला उतरत नाही.

९. आपल्या हातातील मिथेन

हवेतील मिथेनचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वी दर अब्ज भागांत सुमारे ७२० होते. २०२३ मध्ये ते १,९०० च्या वर गेले होते. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट उष्णता धरतो. ही वाढ जर हायड्रेटमधून नाही, तर कोठून? जगातील मिथेनच्या उत्सर्गापैकी निम्म्याहून अधिक माणसाच्या व्यवहारातून होतो: गुरे, भातशेती, कोळशाच्या खाणी, तेल-वायूची गळती, कचरा आणि सांडपाणी. उरलेला मुख्यतः दलदली व पाणथळ जागांतून येतो.

येथे हा प्रश्न आपल्या वस्तीत येऊन उभा राहतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रहांच्या निरीक्षणांत दिल्ली व मुंबईतील कचराभूमींतून मोठ्या प्रमाणावर मिथेन निघत असल्याचे आढळले. मुंबईची देवनार कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तिला लागलेल्या आगीचा धूर दूरवर पसरला. अशा ढिगांच्या कडेला कोण राहते, त्यावर कचरा कोण वेचते, हे सांगण्याची गरज नाही. गटाराच्या मेनहोलमध्ये प्राणवायूवाचून कुजणाऱ्या मैल्यातून मिथेन आणि त्याहून घातक असा हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. मिथेन प्राणवायूची जागा घेतो व पेटही घेऊ शकतो. हायड्रोजन सल्फाइड काही क्षणांत शुद्ध हरपवितो. आत उतरलेल्या सफाई कामगारांचे आणि त्यांना वाचवायला उतरलेल्यांचे जीव यात जातात. १९९३ आणि २०१३ चे कायदे झाले. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला व २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. तरीही मृत्यू थांबलेले नाहीत. समुद्रतळाच्या मिथेनची चर्चा जगभर होते. मेनहोलमधल्या मिथेनने गुदमरलेल्या माणसाची बातमी दोन ओळींत संपते.

मिथेन हवेत सुमारे दहा-बारा वर्षेच टिकतो. म्हणून त्याचा उत्सर्ग कमी केला तर फळ एका पिढीच्या आत दिसते. ओला कचरा वेगळा करून त्याचे खत किंवा गॅस करणे, मैलापाण्याच्या केंद्रातील गॅस गोळा करणे, भातखाचरात सतत पाणी न ठेवता मधून मधून निचरा करणे, खाणी व नळांतील गळती थांबविणे, आणि गटारे यंत्राने साफ करणे, हे सर्व उपाय माहीत असलेले आहेत. त्यांसाठी समुद्राच्या तळाशी जावे लागत नाही.

समारोप

मिथेन हायड्रेट बाँब नाही आणि खजिनाही नाही. पृथ्वीने लक्षावधी वर्षांत, अनेक अटींच्या आधारे, सूक्ष्मजीवांच्या मेहनतीने साठविलेली ती एक संथ ठेव आहे. ती आपल्याला दीर्घ काळाचा विचार करायला शिकविते. आपल्या हाती काही नाही ही भीती माणसाला निष्क्रिय करते, आणि कधीही न संपणारे मिळेल हा लोभ त्याला बेसावध करतो. दोन्ही टोके सोडून कारण कोठे आहे ते शोधावे आणि जे कारण आपल्या हाती आहे त्यावर काम करावे, हा मध्यम मार्ग होय.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. हायड्रेट टिकण्यासाठी लागणाऱ्या चार गोष्टी कोणत्या? गाळात फार खोलवर तो का सापडत नाही?
२. गाळातून निघालेला बहुतांश मिथेन हवेपर्यंत का पोहोचत नाही?
३. बर्फातील प्राचीन मिथेन हायड्रेटचा की दलदलीचा, हे कसे ओळखले गेले?
४. आपल्या वॉर्डातील ओला कचरा व मैलापाणी कोठे जाते? तेथे काम करणाऱ्यांना कोणती सुरक्षा साधने मिळतात? माहिती काढून पुढील सभेत मांडा.

विद्यार्थ्यांनी चौथा प्रश्न वगळू नये. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे या लेखात आहेत. चौथ्याचे उत्तर आपल्याला मिळून शोधायचे आहे.

जय भीम!